देवाजीभाऊंचा मोठा भाऊ

इंदोरा, नागपूर
१७ जुलै १९६६

प्रिय देवाजी,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. भिवापुरात औषधांचं दुकान उघडून तुला तीन महिने झाले, आणि खरं काय ते तू मला आत्ता लिहितोस. आधीच्या दोन पत्रांत सगळं ठीक होतं, माणसं चांगली होती, गावात दुसरं दुकान नसल्यामुळे गर्दी होती. मला तेव्हाच शंका आली होती. इतकं ठीक कुठेच नसतं.

लोक गोळ्या घेतात पण मिक्श्चर घेत नाहीत, असं लिहिलंस. अरे, गोळी कारखान्यातून बंद पाकिटात येते. मिक्श्चरमध्ये पाणी असतं आणि ते पाणी तू ओततोस. दहा वर्षांपूर्वी पांढरे कपडे घालून दीक्षा घेऊन आलो ते आपण. त्यांच्या घरी तेव्हा कोणी कपडे बदलले नव्हते. दत्तोपंत गुरुजी शाळेचे हेडमास्तर, आणि तेही तुझ्याकडून कोरडी पावडर घेतात आणि घरी नेऊन आपल्या पाण्यात कालवतात, याचं तुला एवढं नवल काहून वाटलं?

नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. तू त्यांना रिकामी बाटलीसुद्धा देतोस आणि तिच्यावर मापाची कागदी पट्टी कापून, चिकटवून देतोस, घरी कालवताना चूक होऊ नये म्हणून. तुझं पाणी नको म्हणणाऱ्याचं माप तू सांभाळायचं! हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून दिलं.

माझं ऐकशील तर नागपूरला ये. इथे मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर लागतात. कोण कोणाच्या हातचं घेतो ते विचारायला इथे कोणाला वेळ नाही. दुकान बंद करायची लाज वाटून घेऊ नको. प्रयत्न केलास, पुष्कळ झालं.

आणि एक लक्षात असू दे. फार्मसीच्या वर्गात आधी मी बसलो होतो. दोघंही शिकायला गेलो असतो तर घर कोणी पाहिलं असतं? म्हणून मी उठलो आणि तू बसलास. आज मी कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर लिहितो. आलेल्या कागदावर नंबर टाकतो, गेलेल्या कागदावर नंबर टाकतो. तक्रार नाही. पण तुझ्या दुकानावर जी पाटी आहे तिच्यात माझाही वाटा आहे, एवढं विसरू नको.

आईला इकडे पाठव. मिरचीच्या ठसक्याने तिला तिथे खोकला होत असणार.

तुझा दादा,
गोविंदा


इंदोरा, नागपूर
५ सप्टेंबर १९७३

प्रिय देवाजी,
सप्रेम जयभीम.

तू काही कळवलं नाहीस, पण मला कळलं. काल कचेरीत भिवापूरचा एक शेतकरी आला होता, जमिनीच्या नकाशाची नक्कल मागायला. अर्जाची पोच देताना माझी सही त्याने वाचली आणि तो एकदम खुर्चीच्या जवळ आला.

"गजभिये? भिवापूरचे देवाजीभाऊ तुमचे कोन लागतात जी?"

मी म्हटलं, धाकटा भाऊ.

मग काय विचारतोस! मागे आठ माणसं खोळंबली होती तरी तो थांबेना. "हगवनीच्या साथीत हा मानूस अकरा दिवस घरी गेला नाई, बाबूजी. शाळेच्या वरांड्यात चूल मांडली, हंडे चढोले. उकळलेल्या पान्यात मीठ-साखर टाकून गिलास गिलास पाजत होता. कोन्या आळीचा हाय, कोन्या जातीचा हाय, काही इचारलं नाई. दत्तोपंत गुरुजीची सून त हातची चालली होती. गुरुजी सोताच आले अन् देवाजीभाऊच्या पुढं गिलास धरला. आमी डोयानं पायलं."

सगळी शाखा काम सोडून ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "तुमी मोठे भाऊ, मंग त तुमीच शिकोलं असन त्याले!"

मी हो म्हटलं.

तो वाकून पाया पडला. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. मग उठून त्याने विचारलं, "माह्या पोरीचा खोकला जाऊन नाई राहिला. तुमी बी औषध सांगता का?" मी म्हटलं, नाही, मी इथे कागदांना नंबर देतो. तेव्हा त्याचा चेहरा कसा पडला ते तू पाहायला हवं होतंस. जणू काही मी त्याला फसवलं होतं.

आज सकाळपासून शाखेत मला माझ्या नावाने कोणी हाक मारलेली नाही. 'देवाजीभाऊंचे मोठे भाऊ, जरा ती फाईल द्या.' थट्टेने म्हणतात. पण सवय लागेल त्यांना.

आईबद्दलही लिहितो. पंधरा दिवस राहते म्हणून आली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून उभी राहिली. मी विचारलं, काय कमी पडलं? म्हणाली, "कमी काही नाई गा. पन तिकडं मिरचीच्या सातऱ्यावर बाया दिवसभर देठ खुडतात, हात जयते त्याहीचे. देवाजी मलम बनोते, अन् डब्या कोन भरन?"

"आई, माझ्या घरात तुला काही काम नाही का?"

"तुह्या घरी सुमती हाये ना."

पाच दिवस ती दुसरं काही बोलली नाही. देवाजीने अमुक केलं, देवाजीकडे तमुक आलं. माझी बायको सुमती हौसेने विचारत होती आणि आई सांगत होती. मी मधे एकदा म्हटलं की यंदा मला शाखेत वरची जागा मिळायची शक्यता आहे. आई म्हणाली, "बरं झालं गा," आणि पुन्हा साथीवर आली.

ती जागा मला मिळाली नाही. हे तिला सांगू नको.

ताराला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझा दादा,
गोविंदा


इंदोरा, नागपूर
२१ जानेवारी १९७६

प्रिय देवाजी,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. औषध खात्याचे तपासनीस आले, रजिस्टर पाहिलं आणि तीस दिवसांसाठी तुझा परवाना बंद ठेवला. वाईट वाटलं, पण धक्का बसला असं म्हणणार नाही. डॉक्टरच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहणं नियमात बसत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतो आणि लोकांचा रोज बुडतो, हे सगळं खरं असेल. पण नियम भिवापूर पाहून केलेला नसतो.

तीस दिवस म्हणजे काय मोठं नाही. दहा वर्षांत तू सुट्टी घेतली नाहीस. आराम कर. आईला घेऊन इकडे ये.

तक्रारीचा अर्ज कोणी केला असेल, असं तू विचारतोस. शोध करू नको. असले अर्ज निनावी असतात, टाईप केलेले असतात, त्यांच्यावरून माणूस सापडत नाही. मी आयुष्यभर तेच कागद हाताळतो आहे. तरी विचारलंच आहेस म्हणून सांगतो. दत्तोपंत गुरुजींचा विचार केलास का? ज्याने सात वर्षं तुझं पाणी नाकारलं, त्याला एक दिवस गावासमोर तुझ्यापुढे गिलास धरावा लागला. माणूस उपकार विसरतो, पण असा दिवस विसरत नाही. मी असं म्हणत नाही की त्यांनीच केला. पण तू विचारलंस.

प्रकृतीला जप.

तुझा दादा,
गोविंदा


इंदोरा, नागपूर
११ फेब्रुवारी १९७६

प्रिय देवाजी,
जयभीम.

आज दवाखान्यात जाऊन आलो. तू सांगितलेल्या वॉर्डात, खिडकीकडची तिसरी खाट. खाटेवर प्रेमिला, आणि तिची आई सिंधूताई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. मी कोण ते सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "नाक तसंच हाय देवाजीभाऊसारखं."

त्यांनी जे झालं ते सांगितलं. प्रेमिलाला लहानपणापासून झटके येतात. नऊ वर्षं तू तिला गोळ्या देत आलास आणि नऊ वर्षांत ती चारदाच पडली. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा गोळ्या संपत आल्या होत्या. तू घरोघर जाऊन याद्या दिल्या, उमरेडहून गोळ्या आणायला सांगितलं, त्यांनाही सांगितलं. "पन मले वाटलं, चार-आठ दिवसानं काय होते. सातऱ्यावर काम चालू होतं जी. उद्या जाऊ, परवा जाऊ." बाराव्या दिवशी प्रेमिला भाकरी थापताना चुलीवर पडली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू. एकोणीस वर्षांची पोरगी आहे. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही.

सुमती डबा करून देईल आणि मी रोज नेऊन देईन. तू काळजी करू नको. दुकान उघडलं की तिकडचं पाहा.

सिंधूताई सारखं म्हणतात की चूक त्यांची आहे.

दादा


१५ फेब्रुवारी १९७६

देवाजी,

डबा रोज पोचतो आहे. ताप उतरला. ती आज जेवली. मी चमच्याने भरवलं, कारण सिंधूताई खाली औषध आणायला गेल्या होत्या.

ती खूप बोलते. वेदना विसरायला बोलते की काय, कोण जाणे. तू तिला पहिल्यांदा गोळी दिलीस तेव्हा तिच्या आईला देवऋषाकडे जाऊ नको असं म्हटलं नाहीस, 'तिकडं जा, पन गोयी खाऊन जा' असं म्हटलंस, हे तिने मला दोनदा सांगितलं. झटक्यांमुळे तिला शाळेतून काढलं होतं, तर तू तिला दत्तोपंत गुरुजींकडे पाठवून पुन्हा बसवलंस. ती सातवीपर्यंत शिकली. मी हे काहीच जाणत नव्हतो. तू कधी लिहिलं नाहीस.

तू लिहीत नाहीस याचाही मला राग येतो, देवाजी. लिहिलं असतंस तर बढाया मारतो असं तरी म्हणता आलं असतं.

दादा


२४ फेब्रुवारी १९७६

देवाजी,

सोबत प्रेमिलाचं पत्र आहे. तिचा हात बांधलेला आहे म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर माझं, शब्द तिचे. तिच्या बोलीतच लिहायला लावलं, मी दोन ठिकाणी शुद्ध केलं तर तिने वाचून पुन्हा खोडायला लावलं.

'देवाजीभाऊ, मी आता बरी होऊन राहिली. तुमच्या भावाच्या घरचा डब्बा येते. ते रोज येतात, एक दिवस नाई चुकले. तुमच्यासारखेच हाये, फक्त हासत नाई. दुकान उघडलं का? मी येईन तं पहिले गोया घेईन अन् मंगच घरी जाईन. माहा हात गेला म्हनून मायले कोनी बोलू नये, तुमी सांगा सगळ्यायले. ज्यानं अर्ज केला त्याच्या घरी कोनी बिमार पडू नये. पडलंच तं त्यानं तुमच्याकडं यावं, तुमी त्याले बी औषध द्यान, मले माहीत हाये.'

हे मी लिहिलं. पूर्ण लिहिलं. घरी आणलं आणि तीन दिवस टपालात टाकलं नाही, म्हणून उशीर झाला.

दादा


इंदोरा, नागपूर
३० मार्च १९७६

देवाजी,

अर्ज मी केला.

हे वाक्य लिहायला पाच आठवडे लागले. आता ते लिहिलं आहे तर बाकीचंही लिहितो. पुन्हा धीर होईल की नाही सांगता येत नाही.

डिसेंबरात सुमतीचे पाय सुजले होते. मी तिला इथल्या चांगल्या डॉक्टरकडे नेलं, त्याने गोळ्या लिहून दिल्या, मी आणल्या. आठ दिवसांनी पाहतो तर गोळ्या तशाच. म्हणाली, "देवाजीभाऊले इचारलं, घेऊ का नको म्हनून. येष्टीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देली. उत्तर आलं का घेतो." माझी बायको. माझ्या घरात बसून, नागपुरातल्या डॉक्टरवर विश्वास नाही, नवऱ्यावर विश्वास नाही, आणि सत्तर किलोमीटरवरून तू हो म्हटल्याशिवाय गोळी गिळायची नाही. तुझं उत्तर आलं. 'डॉक्टरांनी बरोबर दिलं आहे, वहिनी, आणि दादाचं ऐकत जा' असं तू लिहिलं होतंस. ते दुसरं वाक्य वाचून माझ्या अंगाची आग झाली. माझं ऐकावं हेसुद्धा तिला तू सांगायचं!

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी टाईपराईटरवर बसलो. कोणता शब्द वापरला की कागद टेबलावर पडून राहतो आणि कोणता वापरला की पुढे जातो, हे मला चांगलं कळतं. 'सार्वजनिक आरोग्यास धोका' असं लिहिलं. तू जुन्या चिठ्ठ्यांवर गोळ्या देतोस, ते आईनेच कौतुकाने सांगितलं होतं. तेच लिहिलं. एकही गोष्ट खोटी लिहिली नाही. याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

एक महिना तुझं दुकान बंद राहावं, लोकांनी दारावर येऊन परत जावं, आईने इकडे यावं, इतकंच मला पाहिजे होतं. लोक औषध नाही म्हणून परत जातील, हे मला दिसलंच नाही. मला फक्त तुझं दार दिसत होतं.

आणि दत्तोपंतांचं नाव मी तुला सुचवलं. ते पत्र टपालात टाकून मी घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दत्तोपंत स्वतः माझ्या कचेरीत आले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हातात काठी, आणि गावातल्या सव्वाचारशे माणसांच्या सह्यांचा कागद. तुझा परवाना लवकर सोडावा म्हणून. औषध खात्यात कोणत्या टेबलावर द्यायचा, ते विचारायला माझ्याकडे आले, कारण मी तुझा भाऊ. माझ्यासमोरच्या बाकावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोविंदराव, मी त्याच्याशी फार वाईट वागलो हो. त्याने एका शब्दाने दाखवलं नाही." मी त्यांना टेबल सांगितलं. बरोबर सांगितलं. पण सोबत गेलो नाही.

अजून एक आहे. फार्मसीच्या वर्गातून मी तुझ्यासाठी उठलो नव्हतो. रसायनात दोनदा नापास झालो होतो. निकालाचा कागद बाबांना दाखवलाच नाही. म्हटलं, देवाजीला बसू द्या, मी नोकरी करतो. बाबा रडले होते. मोठा पोरगा किती समजदार, असं सगळ्या वस्तीत सांगत फिरले आणि तेच मनात घेऊन गेले. तू पहिल्या झटक्यात पास झालास. त्या दिवशी पेढे मी वाटले आणि वाटता वाटता मला वाटत होतं की पेपर तपासणाऱ्याने काहीतरी चूक केली असणार.

प्रेमिलाला परवा घरी सोडलं. तिची तीन बोटं चिकटलेली राहतील असं डॉक्टर म्हणाले.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

गोविंदा


इंदोरा, नागपूर
२८ नोव्हेंबर १९७६

देवाजी,

आठ महिने तुझं पत्र नव्हतं. मी रोज कचेरीत दुसऱ्यांचं टपाल फोडत होतो आणि घरी आल्यावर सुमतीला विचारत होतो. सुमतीला मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुमी त्याले बोलावू नका. तो आपल्या मनानं येईन." बरोबर निघालं तिचं. तुझ्याबद्दल तिचं नेहमीच बरोबर निघतं.

काल तू आलास. तू रागावशील म्हणून मी तयार होतो. तुझ्या हातून मार खायलाही तयार होतो. तू माफ करशील म्हणून मात्र मला भीती वाटत होती, खरं सांगतो. तू माफ केलं असतंस तर मला तुझं तोंड पुन्हा पाहवलं नसतं. तेही तुला माझ्याहून चांगलं जमलं असतं.

पण तू बसलासच नाहीस. दारातच म्हणालास, "दादा, माह्यापाशी काय लिहितं? माहा एक महिना गेला, तो आला. प्रेमिलाले सांग. सिंधूताई अजून म्हनते का चूक तिची हाये. रोज म्हनते. तिच्या डोक्यावरून ते उतरव, मंग माह्याशी बोल."

मी म्हटलं, तू सांग, तुझं त्या ऐकतात.

तू म्हणालास, "मी नाई सांगनार. मी सांगीन त ते मलेच हात जोडतीन."

एवढं बोलून तू बसस्टँडकडे गेलास. सुमतीने चहा टाकला होता, तो तसाच राहिला. मी तुझ्या पाठीकडे पाहत होतो. तुझे केस मागून पांढरे झाले आहेत. माझ्याआधी.

मी येईन. कधी ते सांगत नाही.

गोविंदा


भिवापूर रेल्वे स्टेशन
९ जानेवारी १९७७, दुपार

देवाजी,

मी आज सकाळी इथे आलो आणि तुला न भेटता चाललो आहे. छोटी गाडी यायला अजून तास आहे. तोवर हे लिहून स्टेशनच्या पेटीत टाकतो.

आधी सिंधूताईंकडे गेलो. त्या ओट्यावर होत्या, प्रेमिला डाव्या हाताने वांगी चिरत होती. मला पाहून दोघीही हसल्या. "या जी, बसा," म्हणून सिंधूताईंनी पोतं अंथरलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा झाला असता, मग जेवण झालं असतं, आणि मी तसाच परत आलो असतो. उभ्या उभ्याच सांगितलं, एका दमात. अर्ज मी केला. दुकान माझ्यामुळे बंद पडलं. गोळ्या माझ्यामुळे संपल्या. सिंधूताई, तुमची चूक नाही.

सिंधूताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. आतून रडण्याचाही आवाज आला नाही. मी वाट पाहत होतो.

प्रेमिलाने विळी बाजूला सरकवली. "काहून केलं, काका?"

"माझ्या भावाचं नाव निघालं की माणसं हात जोडतात. ते मला पाहवत नव्हतं."

"आमचं काही नव्हतं त्याच्यात?"

"तुमचा विचारही आला नव्हता मनात."

चिकटलेल्या बोटांवर तिने पदर ओढून घेतला. मग विचारलं, "अन् रोज डब्बा आनत होते, ते?"

"देवाजीने सांगितलं होतं."

"आज सांगाले आले, ते बी त्याहीनंच सांगतलं?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. एवढं एक वाक्य. पण बोललो नाही. म्हटलं, "हो."

"मंग तुमचं याच्यात काय हाये, काका? डब्बा बी त्याहीचा झाला, हे सांगनं बी त्याहीचंच झालं. तुमचा फक्त तो अर्ज."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते मी अजून ठरोलं नाई. मायचं काय ते माय पाहीन." आणि पुन्हा वांगं हातात घेतलं. याचा अर्थ मी जावं असा होता. मी निघालो.

तुला आवडणार नाही, तरी सांगतो. रस्त्याने येताना मला पश्चात्ताप होत नव्हता. मला तुझा हेवा वाटत होता. तिने 'त्याहीनं', 'त्याहीचं' असं किती वेळा म्हटलं ते मी मोजत होतो. माझ्या हातून जळलेली पोरगी, मी तिच्यापुढे मान खाली घालून उभा, आणि माझ्या मनात काय, तर हिने माझं नाव एकदाही घेतलं नाही. मी असा आहे, देवाजी. चाळीस वर्षांचा झालो आणि असा आहे. बदललो असं तुला लिहिलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास, म्हणून लिहीत नाही.

तुझ्या दुकानावरून आलो. पलीकडच्या बाजूने. सातऱ्यावरच्या बाया पायरीवर बसल्या होत्या, आई डब्या देत होती. तू एका म्हाताऱ्याला गोळी अर्धी कशी मोडायची ते दाखवत होतास. तीनदा दाखवलंस. मी तुझ्या जागी असतो तर दुसऱ्यांदाच ओरडलो असतो. रसायनात पास झालो असतो तरीही ओरडलो असतो. हे मला आज उभं राहून पाहताना कळलं. मी तिथून पुढे गेलो.

स्टेशनच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी मी दत्तोपंत गुरुजींच्या घराकडे वळलो. तिथे जा असं मला तू सांगितलं नव्हतंस. सुमतीनेही नाही. त्यांचं नाव मी तुला सुचवलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि तू त्यांना कधी सांगितलं नसतंस, हे मला पक्कं माहीत होतं. न जाता चाललं असतं. कोणाचंही काही अडलं नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. मी सगळं सांगितलं, अर्जाचं आणि त्या नाव सुचवण्याचं. नंतर तासभर तिथे बसलो.

ते काय म्हणाले आणि मी काय म्हणालो, ते तुला लिहीत नाही. तू त्यांना विचारू नकोस. विचारलंस तरी ते सांगणार नाहीत, तसा मी त्यांच्याकडून शब्द घेतला आहे. भिवापुरात सगळं तुझं आहे, आईसकट. तो एक तास माझा असू दे.

गाडीची घंटा झाली.

गोविंदा